पर्वानने शोधलेले रस्ते

पर्वानने इस्पितळात बायकोकडे एकच गोष्ट मागितली होती. "कॉम्प्युटरवर मी काय काय शोधलं, ते पुसून टाक. वाचू मात्र नकोस."

तो वारला, आणि चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर तो कॉम्प्युटर त्याच्या बहिणीकडे जायचा होता. म्हणून एका दुपारी त्याची बायको वेलिचका कॉम्प्युटरसमोर बसली. खिडकीबाहेर डॅन्यूबवर धुकं साचलं होतं.

"चाळीस दिवस त्याचं काही हलवू नये, वहिनी," नणंद त्सोन्का कॉफी ढवळत म्हणाली. "तोवर तो घरी येऊन-जाऊन असतो. खुणा लागतात त्याला."

"दारावर त्याच्या निधनाचा कागद लावलाय, वन्सं. फोटोसकट. तेवढ्याने सापडेल."

"पर्वानला? माझ्या घरी यायचं तरी आधी कॉम्प्युटरवर रस्ता शोधायचा. स्वतःच्या दफनालासुद्धा शोधूनच गेला असेल."

दोघी हसल्या. वेलिचकाने न वाचता त्याच्या शोधांची सगळी यादी पुसली. दिलेला शब्द पाळला गेला होता.

त्सोन्काला जिन्यापर्यंत सोडून ती परतली, तेव्हा रिकाम्या यादीत एक ओळ होती, त्यांच्याच गावाचं नाव.

विदिन.

काही मागे राहिलं असेल, म्हणून तिने ती पुसली. संध्याकाळी पुन्हा तेच. विदिन. तिने पुसायचं टाळलं, तर सकाळी खाली आणखी एक ओळ उमटली होती. विदिन, नदीकाठची गल्ली. घाबरून तिने दोन्ही पुसल्या.

दुपारी पुन्हा पहिल्यापासून. विदिन.

वेलिचका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. आपण पुसतोय, आणि तो पुन्हा गावाच्या वेशीवर जाऊन उभा राहतोय...

त्यानंतर तिने हात लावला नाही. गल्ली आली. पिवळी इमारत आली. तिसरा मजला. डावीकडचं दार, त्यांच्याच घराचं. मग ओळी थांबल्या. घरात त्याच्या तंबाखूचा मंद वास येऊ लागला, आणि तिने खिडक्या उघडल्या नाहीत.

चाळिसाव्याला कबरीवर उकडलेले गहू वाटून सगळे घरी आले. त्सोन्काने कॉम्प्युटरची वायर काढायला हात पुढे केला.

"राहू द्या, वन्सं. बिघडलाय तो."

"मग ठेवून काय करणार?"

वेलिचका पाहुण्यांसाठी कॉफी आणायला वळली. पाहुणे गेल्यावर तिने यादी उघडली. दोन नव्या ओळी होत्या.

परत जायचा रस्ता.

परत जायचा रस्ता, दोघांसाठी.