पंगत आणि ताट

या, जरा पुढे सरका. मागे बसलं की शब्द कानावर येतात, पण सांगणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि चेहऱ्याशिवाय प्रेमाची गोष्ट म्हणजे मिठाशिवाय पेज. आज तुम्हाला खारबावच्या मेघालीची गोष्ट सांगतो. थोडी ती कोनच्या कल्पेशची आहे, आणि बरीचशी दोन अशा भाषांची, ज्या कुणी तोंडानं बोलत नाही. पूर्वरंगात टाळ आहे, उत्तररंगात भरती. मध्ये थोडा संगणक येईल. घाबरू नका, लक्ष देऊन ऐकलं की तोही कळतो.

तर श्रावणातला सप्ताह, शेवटचा दिवस. देवळात काल्याचं कीर्तन रंगलेलं. चांगदेवबुवा गोपाळांची शिदोरी सोडत होते, बाहेर भुरभुर चालली होती, आणि गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला एक तरुण खांद्यावरची बॅग सावरत दारात उभा राहिला. त्याला उघाडीची किल्ली हवी होती. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार. भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. किल्ली उघाडी राखणाऱ्या विठूच्या कमरेला होती आणि विठूचे दोन्ही हात मृदंगावर.

टाळकऱ्यांच्या रांगेत कडेला विठूची लेक उभी होती. मेघाली. तिनं टाळ न थांबवता त्याच्याकडे पाहिलं.

"किल्ली हवी तर थांबावं लागेल. बाबांचे हात मोकळे नाहीत."

"किती वेळ?"

"देव हंडी फोडेपर्यंत." तिनं खुंटीवरची टाळांची एक जोडी काढून त्याच्या हातात दिली. "आणि इथं रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही."

बिचारा वाजवू लागला. ताल बरा होता, पण दर आवर्तनाला पहिला ठोका गाळायचा आणि दुसऱ्यापासून सुरू व्हायचा. मेघालीनं दोन वेळा ऐकलं, तिसऱ्यांदा राहवलं नाही.

"पहिला ठोका कुणासाठी राखून ठेवता?"

"सवय आहे... मी शून्यापासून मोजतो."

"शून्यापासून कोण मोजतं?"

"सी भाषेत सगळेच मोजतात. संगणकाची भाषा आहे, मी ती लिहितो."

इथं मेघालीचाच एक ठोका चुकला. विठूनं मृदंगावरून मान वर करून लेकीकडे पाहिलं. असं आजवर झालं नव्हतं.

"आमच्यात एकपासून मोजतात," ती म्हणाली.

"आमच्यात म्हणजे खारबावात?"

"म्हणजे फोर्ट्रानमध्ये."

त्यानं टाळ खाली केले. फोर्ट्रान ही सीपेक्षाही जुनी भाषा, मोठमोठ्या गणितांसाठी केलेली. चिखल तुडवत गेल्यावर ती लिहिणारी मुलगी देवळात भेटेल, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचा ठोका त्यानं बरोबर पहिल्यावर दिला.

हंडी फुटली, मग पंगत बसली. मेघाली भाताची बादली घेऊन आली. त्या तरुणाच्या, म्हणजे आपल्या कल्पेशच्या, पानावर भात पडला आणि त्याचा हात तसाच अधांतरी राहिला.

"वरण?"

"येईल. ही पंगत आहे, घरचं ताट नाही. आधी भात सगळ्यांना, मग वरण सगळ्यांना, मग भाजी."

"आमच्याकडे कोनला आई अख्खं ताट भरून पुढ्यात ठेवते."

"मग कोनला जाऊन जेवा," ती म्हणाली, आणि त्याच्या भातावर आणखी एक डाव भात घालून पुढे गेली. जेवून उठताना त्यानं सगळं चाटूनपुसून खाल्लं होतं, हे तिनं पाहिलं. पाहिलं नाही असंही दाखवलं.

आता, श्रोतेहो, ही गाठ देवानं घातली की केसरीनाथ साहेबांनी, यावर दोन मतं होऊ शकतात. साहेबांचं ऑफिस भिवंडीत अंजूरफाट्याला, खाली लूम, वर संगणक. दिवसभर जमीन थरथरत असते आणि टेबलावरचा चहा आपोआप ढवळला जातो. मेघाली तिथं फोर्ट्रानचा एक जुना प्रोग्राम सांभाळायची. पाणी चढण्याआधी वाजतील असे भोंगे उघाड्यांवर बसवण्याचं कामही साहेबांनी घेतलं होतं, आणि भोंगे वाजवणारा प्रोग्राम सीमध्ये लिहायला जो नवा माणूस घेतला आणि उघाडी बघायला आधीच खारबावला धाडला होता, तो सोमवारी जिना चढून आला. या वेळी पाय स्वच्छ होते.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"वरण राहिलं होतं," तो म्हणाला.

तो जुना प्रोग्राम तुळशीराम सरांचा. सर कॉलेजात शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी बांधावरून हिंडायचे. कुठल्या सालच्या उधाणाला पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं, हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारायचे आणि त्यातून कुठल्या उघाडीला कुठल्या तासाला किती पाणी चढेल, याचा तक्ता मांडणारं गणित बसवायचे. चैत्रात सर गेले. जाण्याआधी मेघालीला म्हणाले होते, "मोडू नको आणि मिरवू नको." त्यातल्या कित्येक आकड्यांमागे एकेका म्हाताऱ्याची आठवण होती, आणि ते म्हातारेही आता राहिले नव्हते. पुन्हा लिहायला घेतलं तर ते आकडे कुणाला विचारायचे?

साहेबांनी मात्र सरळ सांगून टाकलं होतं. "कोजागिरीचं उधाण आपली परीक्षा. तोवर म्हातारा फोर्ट्रान आणि पोरगा सी एका घरात नांदले तर ठीक. नाहीतर जुनं काढा. कल्पेश, तू सगळं सीमध्ये नवीन लिही, तुला पर्मनंट करतो. बस, फिनिश."

कल्पेश खाली बघत राहिला. कोनला त्याच्या आईनं पर्मनंट या शब्दासाठी वज्रेश्वरीला नवस बोलला होता.

दोघं कामाला बसली. एकाच टेबलावर, मध्ये चहाचे दोन ग्लास, आणि लूमच्या थरथरीनं ते ग्लास हळूहळू एकमेकांकडे सरकायचे. आता जरा कान द्या: लिहिलेलं यंत्राच्या बोलीत उतरवून देतो तो कंपायलर, आणि भाषेच्या नियमांची पोथी म्हणजे मानक.

"पूर्वी लोक या दोन भाषा कशा जोडायचे?" त्यानं विचारलं.

"अंदाजानं. फोर्ट्रानचा प्रत्येक कंपायलर नावांच्या शेवटी आपापली शेपटी लावायचा. ती ओळखून सीवाल्यानं हाक मारायची. कंपायलर बदलला की हाक फुकट. मग दोन हजार तीनच्या मानकात नियमच लिहिले. सीचा पूर्णांक म्हणजे आमच्याकडचा कुठला, सीनं कुठल्या नावानं हाक मारायची, आम्ही वस्तूचा पत्ता देतो आणि तुम्ही वस्तूच हातात देता, तिथं काय करायचं... सगळं."

"कुणाच्या मानकात?"

"फोर्ट्रानच्या."

"आणि सीचं मानक काय म्हणतं?"

मेघालीनं त्याच्याकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं. "काही नाही. सीच्या मानकात फोर्ट्रानसाठी एक नियम नाही. जुळवून घ्यायचं ते सगळं हिनंच लिहून घेतलंय. ओळखीचं वाटतं ना?"

"काय ओळखीचं?"

"सासर," ती म्हणाली, आणि चहाचा ग्लास ओढून घेतला.

कल्पेशनं आपला ग्लास उचलला आणि उत्तर पुढं ढकललं. हेच बरं झालं. घाईत सुचलेली उत्तरं अशा वेळी फार महाग पडतात.

भाद्रपदाच्या अमावास्येला भर दुपारी पहिली चाचणी घेतली. प्रोग्राम जुळले, चालले, कुठंही अडले नाहीत. आणि खाडी चढू लागली तशी, जिथं ओंजळभरही पाणी नव्हतं त्या वरच्या उघाडीचा भोंगा बोंबलू लागला. खारबावचा भोंगा मात्र मुका. विठूनं आपल्या डोळ्यांनी पाणी पाहून दार लावलं, म्हणून भात वाचला. फोनवर तो लेकीला म्हणाला, "भोंगा न्हाय वाजला, पन पानी आलं. जाऊ दे पोरी, मी हाय ना."

शेजारी उभ्या साहेबांनीही ते ऐकलं. "मेघाली, मी सांगितलं होतं. जुनं ते जुनं. कोजागिरीनंतर काढून टाकू."

तिनं मान हलवली. त्या संध्याकाळी ग्लास टेबलावर सरकत एकमेकांना भिडले, तेव्हा प्यायला कुणी नव्हतं.

नवरात्र लागलं. वज्रेश्वरीला भंडारा होता, आणि ऑफिसची सगळी मंडळी भिवंडीहून एसटीनं गेली. मेघाली जाणार नव्हती, पण देवीला नाही कसं म्हणायचं? पंगतीत ती बसली आणि शेजारची जागा रिकामी होती तिथं कल्पेश बसला. वाढपी आला. भात, भात, भात... रांगेच्या टोकापर्यंत नुसता भात.

कल्पेशचा हात पुन्हा अधांतरी थांबला. पण या वेळी तो वरणाची वाट बघत नव्हता. रांगेकडे बघत होता.

"मेघाली," तो हळूच म्हणाला, "तुझा तक्ता पंगत आहे."

तिनं मान वळवली. मग तिचे डोळे मोठे झाले.

"आणि तू तो ताट समजून वाचतोस."

तेच होतं. सरांचा फोर्ट्रान पहिल्या तासाचं पाणी सगळ्या उघाड्यांना वाढायचा, मग दुसऱ्या तासाचं सगळ्यांना. कल्पेशची सी एकेका उघाडीचं अख्खं ताट एकत्र आहे असं धरून वाचत होती. त्यामुळे एकाचा भात दुसऱ्याच्या ताटात दिसत होता.

"मानकात लिहिलंय," ती म्हणाली. "मी वाचलं होतं. आकडे जिथल्या तिथं राहतात, एक दाणाही हलवायचा नाही. फक्त सीनं तक्त्याची मापं उलट्या क्रमानं सांगायची. आधी तास, मग उघाडी."

"म्हणजे मी सांगायची."

"हो. एवढी एकच गोष्ट तुझ्या बाजूची होती. मी सांगायला हवं होतं."

"मी विचारायला हवं होतं."

वरण आलं. दोघांनी कालवलं. दुरुस्ती दोन ओळींची होती. आणि ती केली नाही, तर कल्पेश पर्मनंट होता. हे दोघांनाही ठाऊक होतं. मेघालीनं त्याला साहेबांना सांग म्हटलं नाही, सांगू नको म्हटलं नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्याचं मन तिला वाचता आलं असतं, पण कुठल्या क्रमानं वाचायचं ते अजून कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं.

"साहेब, सरांचा प्रोग्राम बरोबर आहे. चूक माझ्या वाचण्यात होती."

साहेबांनी चष्मा काढला. "बेटा, तुला कळतंय का तू काय बोलतोयस? मग नवीन लिहायचं कामच राहत नाही. तुझं इथलं काम कोजागिरीला संपतं."

"कळतंय."

"कुणी सांगितलं तुला हे बोलायला?"

"कुणीच नाही. म्हणूनच बोललो."

बाहेर मेघालीनं कीबोर्डवर उगाच काहीतरी टाइप केलं आणि उगाच पुसलं.

कोजागिरीची दुपार. आकाश निवळलेलं, बांधाच्या एका अंगाला भात ओंब्यांनी वाकलेलं, दुसऱ्या अंगाला खाडी फुगलेली. विठू किल्ली हातात घेऊन उभा. कल्पेश आणि मेघाली बांधावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. पाणी अजून खाली होतं तेव्हाच भोंगा वाजला. खारबावचाच. कडक, लांब, थोडा बेसूर.

विठू दार लावून मागे आला. "लय वेल आधी सांगतो ह्यो," तो म्हणाला. "मास्तर आसंच बोलायचा. आधीच." मग दोघांकडे पाहून त्याला अचानक घरी गाईला पाणी दाखवायचं आठवलं. त्याच्याकडे गाय नव्हती.

"आता कुठं?" मेघालीनं विचारलं.

"कल्याणला एक काम मिळतंय. पर्मनंट नाही. आईला सांगितलं, ती म्हणाली नवस अर्धाच फेडते." तो थांबला. "मेघाली... मला विचारायचंय. पण तू सासर म्हणाली होतीस ना, त्याचं उत्तर आधी देतो."

"इतक्या दिवसांनी?"

"मी मानकाची पुढची आवृत्ती वाचली. अठराची. त्यात फोर्ट्रानचा तक्ता आपली लांबी-रुंदी बरोबर घेऊन सीकडे जातो. आणि ती समजून घ्यायला सीला फोर्ट्रानकडची एक हेडर फाइल घ्यावी लागते. आपल्या प्रोग्रामच्या अगदी वर. पहिल्या ओळीत."

"डोक्यावर."

"डोक्यावर. सीचं मानक अजूनही गप्पच आहे. पण लिहिणारा गप्प राहिला नाही तर चालतं ना?"

खाडी बांधाला लागून चुबुक चुबुक करत होती. मेघालीनं मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि एका माणसाची ती जागा तिनंच भरून काढली.

"मी नोकरी सोडणार नाही."

"पहिली ओळ."

"सप्ताहाला टाळ माझाच."

"दुसरी."

"आणि घरी पंगत की ताट?"

"तू म्हणशील तसं. वाढायला मी आहे."

ती हसली. या वेळी डोळ्यांतसुद्धा.

पुढच्या श्रावणात काल्याच्या कीर्तनाला दोघं शेजारी उभी होती. मेघालीच्या गळ्यात नवं मंगळसूत्र, कल्पेशच्या हातात जुने टाळ. आवर्तन आलं की पहिला ठोका तो इतक्या जोरात द्यायचा की चांगदेवबुवा दचकायचे. देव हंडी फोडायचा तसा फोडतच होता.

गोष्ट संपली. टाळ ठेवायच्या आधी एवढंच मागतो. त्या प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत अजून तुळशीराम सरांचं नाव आहे, मेघालीनं मोडलं नाही आणि मिरवलं नाही. तुम्ही कधी उधाणाच्या दुपारी खारबावच्या बाजूनं गेलात आणि पाण्याच्या आधी भोंगा ऐकलात, तर क्षणभर थांबा, आणि बांधावर म्हाताऱ्यांशी बोलत बसलेल्या त्या मास्तरांची आठवण काढा.