गोड्या पाण्यातली कालवं

आमची होडी फायबरची आहे, निळी आणि जुनी. कोकणातल्या हर्णैच्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडून मी ती घेतली आणि टेम्पोत घालून माजलगावच्या धरणावर आणली. त्याआधी मी आणि माझी बायको मनिषा दर दिवाळीनंतर ऊस तोडायला कर्नाटकात जायचो. होडी आली आणि कोयता माळ्यावर गेला. सकाळी जाळं काढायचं, रोहू-कटला बाजारात पोचवायचा आणि दुपारी मी लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या. बिघाड सापडल्याशिवाय मी मोटारीचं झाकण लावत नाही, हा माझा स्वभाव. आम्ही सुखात होतो. अजूनही आहोत.

होडी देताना म्हातारा तिच्या काठावरून हात फिरवत होता.

"खाऱ्या पाण्यात उभी ठेवायची तर बूड जपायला लागतं," तो म्हणाला. "ओहोटीला वर ओढायची, खरवडायची, गोड्या पाण्यानं धुवायची. नायतर कालवं धरतात, शिंपले चिकटून बसतात. होडी जड होते."

"आमच्याकडं समुद्र न्हाई, बाबा."

"मग बरंच की," तो हसला.

पावसाळा सरल्यावर होडी जड चालू लागली. वल्हं मारून खांदे भरून यायचे. एका सकाळी आम्ही तिला काठावर ओढून कलती केली. बुडाला पांढरे, खडबडीत, टणक उंचवटे चिकटले होते. कडा पात्यासारख्या. मी हात फिरवला तर तळवा चिरला, आणि चिरलेल्या जागी मीठ चोळल्यासारखी आग झाली.

मला वाटलं, पाण्यातले क्षार धरले असतील. पण शेजारी थर्माकोलचे तराफे वर्षानुवर्षं त्याच पाण्यात होते, त्यांना नुसतं हिरवं शेवाळ होतं. मी बुडाचं पाणी बोटाला लावून चाखलं. खारट. मग होडी जिथं उभी असते तिथलं पाणी ओंजळीत घेऊन प्यालो. ते गोड होतं, नेहमीसारखं.

फोटो काढून म्हाताऱ्याला पाठवला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला.

"कालवंच ती. चांगली पोसलीयत. कुठल्या खाडीत ठेवलीयस?"

मी सांगितलं. त्यानं धरणाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "खरवडत राहा," आणि फोन ठेवला.

मी कारण शोधलं. जागा बदलून पाहिली, दोर बदलला, बुडाला नवा रंग दिला. रंगावर पुन्हा कालवं धरली. माझी माय, वत्सलाबाई, काठावर येऊन बघून गेली. ती होडीला शिवली नाही.

"इकून टाक," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पाण्यातली चीज हाय ती."

"कावून इकायची?" मनिषा म्हणाली. "खरवडली की झालं."

आणि ती खरवडायची. खुरपं घेऊन बसायची, गुणगुणत, एकेक कालव अलगद सोडवायची, मग घागरीनं बूड धुवायची. काम झालं की होडीतच आडवी व्हायची. उसाच्या फडावर ती कधी नीट झोपली नव्हती. पाचट वाजलं तरी दचकून उठायची. होडीत मात्र तिला गाढ झोप लागायची. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. मी विकायचा विषय काढला नाही.

उन्हाळ्यात पाणी मागं हटलं. काळी जमीन भेगाळली. आम्ही होडी वर ओढून बाभळीखाली दगडांवर टेकवली. आता तरी हे थांबेल, असं मला वाटलं.

एका सकाळी होडीच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसली. वीतभर, सरळ रेषेत. खालची माती फुफाट्यासारखी कोरडी होती. दुपार होईतो ती रेषा होडीच्या निम्म्यावर चढली. संध्याकाळी खाली उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली, थोडी उशिरा.

मी हर्णैला फोन लावला.

"बाबा, आत्ता तुमच्याकडं भरती हाय का ओहोटी?"

"भरती. भरत आलीय अगदी. का रे?"

माझा हात होडीच्या अंगावर होता. बोटं ओली झाली होती.

त्यानंतर मी कारण शोधणं सोडलं. रोज दुपारी रेषा बघायचो आणि कामाला लागायचो. कशाची सवय होत नाही माणसाला?

अमावस्येच्या दुपारी मी गावातून मोटार बसवून परत आलो. होडी काठापर्यंत ओली होती. निळा रंग काळपट दिसत होता. आत मनिषा झोपली होती.

वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं.

तिचा अंबाडा सुटला होता. केस डोक्याभोवती वर उठले होते आणि सावकाश एका बाजूला जात होते, मग दुसऱ्या. पदराचं टोकही तसंच. ओठांवर हसू होतं.

छाती हलत नव्हती.

मी तिला उठवायला हात पुढं केला. मनगटापर्यंत गार लागलं, आणि मी तो मागं घेतला.

मी जमिनीवर बसलो. तिच्याकडं बघत राहिलो. दुसरं काही सुचलं नाही.

उन्हं कलली. ओल काठावरून खाली सरकू लागली. केस हळूहळू तिच्या खांद्यांवर टेकले. मनिषानं एक लांब श्वास घेतला आणि डोळे उघडले.

"लई छान झोप लागली," ती म्हणाली. "कवा आलात तुमी?"

"आत्ताच."

ती उतरली. साडी कोरडी होती. आम्ही घरी आलो. मी माठातलं पाणी तांब्यात काढून तिच्या हातात दिलं. तिनं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि तांब्या खाली ठेवला.

"आळणी लागतंय," ती म्हणाली.