नाक दाबा, तोंड मिटा

माणसाला एक साधी सूचना धड पाळता येत नाही, हे मुरुडच्या बाजारात दवाखाना थाटल्यापासून मला ठाऊक आहे. पण स्कूबावाल्यांनी कहर केला.

माझा धाकटा भाऊ मुसअब दुबईत पर्यटकांना समुद्रात नेऊन सुखरूप वर आणायचं काम करत होता. मागच्या वर्षी परतला आणि हर्षद नावाच्या दोस्ताबरोबर काशीदला त्याने तेच सुरू केलं. इथलं पाणी असं की स्वतःचा हात दिसला तरी नशीब. पण मुसअबच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला आधी डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि डॉक्टर घरातच होती.

मंडळी यायची ती खोटं बोलायचं ठरवूनच. दमा? छे! आणि वरच्या खिशात इन्हेलर डोकावतोय. फिट येते का? कधीच नाही. बरोबरची बायको मात्र छताकडे बघायला लागते. असल्यांशी डोकं लावता लावता माझा आवाज बसायचा.

सगळ्यात महत्त्वाचे कान. खोल पाण्यात दाब वाढतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हवा कानाकडे ढकलता आली पाहिजे, नाहीतर पडदा फाटतो. मी कानात दुर्बीण लावून बघते. हवा पोचली की पडदा किंचित फुगतो. नाक दाबा, तोंड मिटा, मी 'सोडा' म्हणेपर्यंत फुंका. यात न समजण्यासारखं काय आहे?

पुण्याच्या क्रांती नावाच्या मुलीने नाक दाबलं आणि तोंड उघडलं. वर काहीतरी पुटपुटलीसुद्धा.

"तोंड मिटा म्हटलं ना!"

"मिटलंच होतं की, मॅडम."

"मग बोललं कोण?"

तिला पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण खरी, पण इतकी शब्दशः घ्यायची? त्या आठवड्यात आणखी दोघा-तिघांनी तोच प्रकार केला आणि सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मला राग येत होता तो वेगळ्याच गोष्टीचा. तोंड उघडं असलं की हवा तोंडावाटे जाते, कानात पोचत नाही. यांचे पडदे मात्र छान फुगत होते. हे कुठल्या पुस्तकात बसवायचं?

मग पनवेलचा विनेश आला. जिममध्ये शिकवणारा, दंड फुगवून बसलेला. त्याने नाक दाबलं. तोंड उघडलं. या वेळी शब्द स्पष्ट आले.

"आपा, मना वर घे."

आपा म्हणजे थोरली बहीण. मना म्हणजे मला. हा आमच्या घरातला शब्द. पनवेलचा विनेश तो कुठून आणणार? आणि आवाज मुसअबचा होता. मुसअब तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून फोनवर कुणाशी तरी हसत होता. दोन्ही आवाज मला एकाच वेळी ऐकू येत होते.

विनेश गेल्यावर मी मुसअबला आत बोलावून झापलं.

"ही थट्टा तूच पढवलीस ना लोकांना?"

"कंची थट्टा?"

मी सांगितलं. तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला. "आपा, तू दमलीस. दोन दिवस दवाखाना बंद ठेव."

"तू पाण्यात जाऊ नकोस."

"अगं, धंदाच पान्याचा हाय माझा!"

त्याचाही वर्षाचा दाखला संपला होता आणि मोसमातल्या पहिल्या तुकडीआधी त्याला स्वतः उतरून जागा बघायची होती. मी त्याला तपासलं, कुठेतरी खोट सापडावी म्हणून तपासलं. छाती स्वच्छ. हृदय घोड्याचं. नाक दाबलं, तोंड घट्ट मिटलेलं, पडदे असे हलले की विद्यार्थ्यांना दाखवावेत.

मी सही केली नाही.

"कारण तरी लिही," तो चिडून म्हणाला.

काय लिहिणार होते? शिकले त्यातलं काहीच उपयोगाला येईना. मी भांडले, रडले, अम्मीची शपथ घातली. तो मोटरसायकल काढून अलिबागला गेला आणि दुसऱ्या डॉक्टरची सही घेऊन आला. निरोगी माणसाला तो बिचारा तरी नाही कसं म्हणणार?

तो उतरला त्या सकाळी मी पेशंट घेतलेच नाहीत. फोन घेऊन बसले. उन्हं चढल्यावर हर्षदचा फोन आला.

"ताई, आला वर. मधी जरा त्याच्या कमरेचा दोर सैल पडला होता, माझी फाटलीच. पन आला. एकदम मजेत हाय."

मी आभाराची शुकराना नमाज पढले. त्याच्या आवडीचं बोंबलाचं कालवण केलं. तो जेवला, गप्प गप्प जेवला. दमला असेल, म्हणून मीही काही विचारलं नाही. इतक्या दिवसांनी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी राही नावाच्या नागपूरच्या प्राध्यापक बाई आल्या. मी हसतमुखाने सगळं समजावलं. त्यांनी नाक दाबलं.

तोंड उघडलं.

"आपा."

आवाज फार खालून येत होता.

"आपा, मना वर घे."

बाईंना उद्या या म्हटलं आणि दुर्बीण घेऊन घरी गेले. मुसअब ओट्यावर बसला होता. काल परतल्यापासून त्याने मला एकदाही आपा म्हटलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"कान दाखव," मी म्हणाले.

तो निमूटपणे वळला. मी दुर्बीण लावली.

"नाक दाब. तोंड मीट. मी 'सोड' म्हणेपर्यंत."

त्याने दाबलं.

पडदा हलला नाही.

मी थांबले. आत चहा उतू गेला, त्याचा करपट वास ओट्यावर आला. मशिदीत दुपारची, जोहरची अजान सुरू झाली आणि संपली. छाती हलत नव्हती. चेहरा लाल झाला नव्हता. डोळे माझ्याकडे, शहाण्या पेशंटसारखे.

इतकी नीट सूचना आजवर कुणीच पाळली नव्हती.

मी अजून 'सोड' म्हटलेलं नाही.