वयाची गोडी

डॉ. मृदुला बाणखेले यांनी शीतनिद्रा केंद्रातल्या काचपेटीतून स्वतःच्या नवऱ्याला आठ वर्षांनी बाहेर काढलं, तेव्हा जयवंतने आधी पाणी मागितलं. एक घोट घेऊन त्याने विचारलं, यात साखर कुणी घातली?

मृदुलाला हसू आलं, कारण हे व्हायचंच होतं. त्याच्या रोगावर औषध निघेपर्यंत त्याला बर्फाइतक्या थंडीत निजवायचं, तर पेशी गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत साखर हवी. ही युक्ती तिने चक्क बटाट्याकडून उचलली होती. बटाटा फ्रिजमध्ये ठेवला की तो थंडीपासून वाचण्यासाठी आपल्या पिठाची साखर करतो, आणि मग भाजी गोडमिट्ट होते. बटाट्याचं ते हिमरोधी जनुक आता जयवंतच्या पेशीपेशीत होतं.

ही गोडी काढायची रीत तिचे सहकारी एरंडे यांनी सांगितली होती. ते सातगाव पठारावरचे, बटाट्यातच वाढलेले. फ्रिजमधला बटाटा पंधरा दिवस अंधारात, उबेला ठेवला की साखरेचं पुन्हा पीठ होतं; साहेबांचंही तसंच होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

औषधाने रोग आठवड्यात गेला. घरातल्या उबदार, अंधाऱ्या खोलीत चौदाव्या दिवशी जयवंत जेवताना कुरकुरला, मीठ जास्त झालंय. मृदुला स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. आठ वर्षं तिने याच माणसाची वाट पाहिली होती.

बाविसाव्या दिवशी तो म्हणाला, भाजी गोड आहे. बटाटे कुणी फ्रिजमध्ये टाकले म्हणून ती तणतणत उठली, पण बटाटे टोपलीतच होते. तिने त्याच्याच ताटातला घास खाऊन पाहिला. भाजी तिखटजाळ होती.

तिने प्रयोगशाळेत जाऊन हे सांगितलं आणि एरंडे यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, गोडी दोन तऱ्हेची असती," ते म्हणाले. "थंडीची उतरती. वयाची नाही उतरत."

त्यांच्याकडे बटाटे अरणीत ठेवत, म्हणजे सावलीत ढीग रचून वर उसाचं पाचट. चार महिन्यांच्या आत अरण मोडायचीच, त्यामुळे ही दुसरी गोडी त्यांच्या घरात कुणी कधी चाखलीच नव्हती. बटाट्यांवरच्या चाचणीचं वेळापत्रकही त्यांनीच आखलं, आणि सवयीने चार महिन्यांचंच. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेच्या शीतपेटीत चौदा महिने विसरलेली एक करंडी सापडली. उबेला ठेवल्यावर त्या बटाट्यांची गोडी उतरली, पण कालपासून ते पुन्हा गोड लागत होते. थंडीत वय थांबत नाही, फक्त दिसत नाही. चूक माझी आहे, असं ते स्वतःहून म्हणाले.

"पण आता थंडी नाही, तर शरीर साखर करतंय कशाला?" मृदुलाने विचारलं.

एरंडे यांनी करंडीतला एक सुरकुतलेला, कोंब फुटलेला बटाटा तिच्यापुढे ठेवला. "जुना बटाटा स्वतःसाठी करत नाही, मॅडम. कोंबासाठी करतो."

वाट एकच होती. थंडीत कोंब वाढत नाही. जयवंतला आजच परत पेटीत ठेवलं तर तो जिवंत राहील, मात्र पुन्हा कधीच बाहेर काढता येणार नाही. पेटी तयार ठेवायला सांगून मृदुला भर दुपारी घरी धावली. काचेपलीकडून का होईना, तो तिला हवा होता.

खोलीत लख्ख ऊन होतं. जयवंत सदरा काढून, खिडकीकडे पाठ करून बसला होता. सकाळी बेचाळीस वर्षांची असलेली त्याची कातडी आता सुरकुतून सैल पडली होती. डाव्या खांद्याखाली बोटभर लांबीचं, पांढरं, टोकाशी हिरवट असं काहीतरी उन्हाकडे वळलं होतं. मृदुलाने आधी पडदा ओढला आणि त्याचा हात धरला. ऊठ, आपल्याला निघायचंय, ती म्हणाली.

जयवंतने हात अलगद सोडवून घेतला.

"पडदा उघड, मृदुला," तो शांतपणे म्हणाला. "मला चालतं गं. पण त्याला अंधारात चाचपडावं लागतं."