कॅसेटची दुसरी बाजू

माझ्यासारखा काकासाहेब नावाचा माणूस एका पाक्षिकात रॉक संगीतावर लिहितो, याची पुण्यात लोकांना फार गंमत वाटायची. त्याच पाक्षिकात रामहरी पॉपचं सदर लिहायचा. म्हणजे लिव्हरपूलच्या चार पोरांपासून डिस्कोपर्यंतचा सगळा इतिहास नगर जिल्ह्यातल्या आम्हा दोघांनी वाटून घेतला होता. निवृत्तीनंतर रामहरी बेलापूरला परतला. गेल्या वर्षापासून दर रविवारी दुपारी आम्ही त्याच्या ओसरीलगतच्या खोलीत बसून जुन्या गप्पा रेकॉर्ड करतो. त्याची पुतणी निकिता त्या गप्पा इंटरनेटवर टाकते आणि आश्चर्य म्हणजे लोक ऐकतात.

त्या रविवारी माझ्या पिशवीत एक कॅसेट होती. आज रामहरीला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच घरून निघालो होतो.

एकोणनव्वद साली शेवगावचा अमृत नावाचा मुलगा एसटीनं पुण्याला आला आणि ती कॅसेट माझ्या हातात देऊन गेला. मराठीतलं रॉक. "साहेब, उलटी बाजू बी ऐका," एवढंच म्हणाला. मी पहिली बाजू ऐकली. अंक छापायला जायचा होता, म्हणून दुसरीबद्दल न ऐकताच लिहून टाकलं : 'इथे गायकाचा आवाज साफ हरवतो.' आठवड्याभरात त्याचं पत्र आलं. दुसऱ्या बाजूला तो गातच नव्हता. तिथे त्याची आई मुक्ताबाई जात्यावर ओव्या म्हणत होती, त्यानं मागे फक्त गिटार धरली होती.

वर्षभरात त्याची आई वारली. तो कॅसेट परत मागायला आला, कारण दुसरी प्रत नव्हती. मी शिपायाकरवी निरोप धाडला, सापडत नाही. कॅसेट माझ्या टेबलाच्या खणात होती. त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, एवढंच खरं. त्यानंतर छत्तीस वर्षं मी ती लावली नाही. लाज वाटत होती आणि ती दर वर्षी वाढतच गेली.

त्या रविवारी रेकॉर्डिंगमध्ये आवाज नको म्हणून रामहरीनं पंखा बंद केला. गप्पा रंगल्या. नगरच्या लष्करी छावणीतून बाहेर येणाऱ्या जुन्या तबकड्या, चर्चमध्ये गिटार शिकलेली पोरं, गणपतीत आलेला पहिला सिंथेसायझर. मधेच रामहरी थांबला आणि त्यानं कानावरचा हेडफोन दाबला.

"काय घरघरतंय रं?"

"गिरणी असेल."

"रविवारी बंद असती गिरणी."

मलाही ऐकू येत होतं. जड, सावकाश फिरणारं काहीतरी. त्याच्या घरात जातं नाही. असतं तरी फिरवायला कोणी नव्हतं, निकिता श्रीरामपूरला गेली होती. रामहरीनं वायर हलवून पाहिली, मान झटकली आणि पुन्हा बोलायला लागला.

"शेवगावच्या अमृतचा परवा फोन आल्ता. अजून त्या कॅसेटीचं इचारतोय. आईचा आवाज मरायच्या आधी एकदा ऐकायचाय म्हनतो. काकासाहेब, तू तर दुसरी बाजू ऐकली हुती ना?"

पिशवी माझ्या पायाशी होती. समोर माईकचा लाल दिवा. हे लोक ऐकणार होते.

"ऐकली ना," मी म्हणालो. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

घरघर थांबली.

निकिताकडे देण्याआधी आम्ही रेकॉर्डिंग एकदा तपासतो. रामहरीनं ते लावलं. त्याचा आवाज स्वच्छ होता. तो विचारत होता, हसत होता, मला नावानं चिडवत होता. मी जिथे जिथे बोललो होतो, तिथे जात्याची घरघर होती आणि तिच्यावर एका बाईचा आवाज. जरा घोगरा. मूठभर दाणे टाकण्यापुरता थांबणारा. मागे चाचपडत वाजणारी गिटार. प्रत्येक ओवीच्या शेवटी अमृतचं नाव.

"ही कोन गातीय?" रामहरीनं विचारलं.

मी पिशवीतून कॅसेट काढली आणि सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रेकॉर्डर उचलून तो ओसरीवर गेला. फोन लागला.

"अमृत, गाडी बाजूला घे. आता ऐक."

मग त्यानं रेकॉर्डर फोनला लावला.

मी आत रामहरीच्या जुन्या टेपमध्ये कॅसेटची दुसरी बाजू लावली.

थोडी खरखर झाली. मग टेपमधून मी बोललो. "ऐकली ना. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मूठभर दाणे टाकण्याइतकी शांतता.

"ऐकली ना. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

बारा मिनिटं तेच. बंद करायला हात दोनदा पुढे गेला, पण मी तो मागे घेतला. निदान या वेळी तरी शेवटपर्यंत ऐकायची.

खटका वर आला. टेप थांबला.

मी रामहरीला हाक मारली.

हाक त्या बंद टेपमधून आली.