आमचं वय तेरा!

"अरे, शर्ट आत खोच! कॉलेजकुमार दिसायचंय तुला!" रिद्धी वरदवर खेकसली.

"काकाचा शर्ट आहे. दोन वरद मावतील यात!" वरद कुरकुरला.

ऐन दिवाळीच्या सुट्टीत हरिचंद्र सरांनी आठवीच्या उंच मुलामुलींना अंबरनाथच्या शाळेत बोलावलं होतं. गणवेश नको, मोठे दिसाल असे कपडे घाला आणि फोटो झाला की वडापाव! मग घरी कोण बसणार?

सभागृहात शिरताच जिज्ञासाने बॅनर वाचला. 'नवमतदार नोंदणी शिबिर'.

"ए, मतदार अठराचे असतात ना?"

"सर, बारावीची मुलं कुठंयत?" रिद्धीने विचारलं.

"सुट्टीत कुठे गोळा करू त्यांना? तुम्ही पाठमोरे बसा. फोटो वर कार्यालयात पाठवला की संपलं!" एवढं बोलून सर चहाला गेले.

वरदचा चेहरा लाल झाला. बारावीतली त्याची अंजनीताई नुकतीच अठराची झाली होती. बुवापाड्यातल्या कोरड्या नळाबद्दल ती नगरसेवकाला जाब विचारायला गेली, तर तो हसून म्हणाला, "यादीत नाव आहे का तुझं? मग बोल!" नाव नोंदवायला ती इथे आली, तेव्हा सरांनी शिबिर-बिबिर काही नाही म्हणून तिला परत पाठवलं. आणि येत्या निवडणुकीसाठी नोंदणीचा आज शेवटचा दिवस होता!

"म्हणजे मी ताईच्या खुर्चीवर बसलोय! फाडतोच तो बॅनर!"

"येडा आहेस का? बॅनर खराच आहे, बसलेली माणसं खोटी आहेत," रिद्धी म्हणाली. "जिज्ञासा, सायकल काढ! ताईला सांग, कागदपत्रं आणि बारावीची अख्खी गँग घेऊन ये. मागच्या गेटने!"

थोड्या वेळाने सर फोटोवाल्याला घेऊन परत आले. त्याच्यामागून निवडणूक कार्यालयाच्या मॅडमही आलेल्या पाहून सर दचकले.

"किती अर्ज भरले?" मॅडमनी विचारलं.

"भरताहेत ना! बघा, केवढा उत्साह!"

रिद्धी उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. "मॅडम, माझं वय तेरा!"

"माझंही तेरा!" वरद उठला. मग अख्खी रांगच उठली.

"खाली बसा! वडापाव मिळणार नाही कोणाला!" सर ओरडले.

"नको तुमचा वडापाव! दुसऱ्याच्या हक्कावर बसून तो आमच्या घशाखाली उतरणार नाही!" वरद म्हणाला.

तेवढ्यात मागच्या दारातून जिज्ञासा आत आली. तिच्यामागे धापा टाकणारी अंजनी आणि बारावीचा घोळका होता.

"बस ताई, ही तुझीच," वरदने खुर्ची पुढे केली.

मॅडम सरांकडे वळल्या. "शेवटचा अर्ज भरून होईपर्यंत तुम्ही इथे उभं राहून मुलांना पेनं पुरवायची. बाकीचं मी कार्यालयात लिहून देणारच आहे."

अंजनीने अर्जावर ठसठशीत सही केली. "आता बघू, मला गप्प कोण करतो ते!"

मॅडमनी रिद्धीची पाठ थोपटली. "शाब्बास! खुर्ची सोडणं भल्याभल्यांना जमत नाही. तुम्ही पोरांनी एका दमात सोडलीत!"

"सोडली नाही, मॅडम," रिद्धी म्हणाली. "पाच वर्षांनी परत येणार आहोत. तेव्हा शिबिर खरं हवं!"