पिवळी रेघ

हिरानुमा मोटर्समध्ये मी याद्या करायचो. हुद्दा मोठा होता, पण काम तेवढंच. कुठला बोल्ट कुणी आवळायचा आणि कधी तपासायचा, हे सगळं माझ्या कागदांवर असायचं. कारखान्यातले लोक मला चिडवून ‘मास्तर’ म्हणत आणि मला ते आवडायचं. जे कागदावर नाही ते जगात नाही, अशा समजुतीत माझी पंचावन्न वर्षं सुखात गेली होती.

आमची कंपनी जपानातल्या नागानोच्या डोंगरातली, लहानशी. दोन माणसांच्या वेगवान गाड्या, वर्षाला जेमतेम तीनशे, सगळ्या हातानं जुळवलेल्या. ‘हिरानुमाची गाडी देखणी खरी, पण रविवारपुरती,’ असं लोक म्हणायचे. ते अध्यक्षांच्या जिव्हारी लागलं आणि १९८४ साली त्यांनी चोवीस तासांच्या शर्यतीत उतरायचं ठरवलं. अट एकच घातली. आधी बारा तासांची चाचणी, आणि त्यात गाडी सगळी मिळून पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त उभी राहता कामा नये. राहिली, तर शर्यतीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

गाडी पाळीपाळीनं दोघे चालवणार होते. त्यातला एक तात्सुओ, माझा धाकटा भाऊ. अडतीस वर्षांचा. या दिवसासाठी तो दहा वर्षं थांबला होता आणि ही संधी गेली तर दुसरी येणार नाही, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आमच्याकडे प्रत्येक कारागिराचा एक रंग असतो. बोल्ट आवळला की त्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत आपल्या रंगाची बारीक रेघ ओढायची. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गाडी थांबली की ज्यानं त्यानं आपल्या रेघा बघायच्या, त्यांच्याकडे बोट रोखायचं आणि मोठ्यानं ‘योशी!’ म्हणायचं, म्हणजे ‘ठीक आहे’. पूर्वी रंग पाच होते. पिवळा इनुई-सानांचा. तीन वर्षांपूर्वी ते आजारपणात गेले, तेव्हा सगळ्यांनी मिळून पिवळा रंग बंद केला. तो दुसऱ्या कुणी घ्यायचा म्हणजे त्यांच्या ताटात जेवायला बसल्यासारखं वाटलं असतं. त्यांचे बोल्ट मीच उरलेल्या चौघांत वाटून दिले आणि नवी यादी केली.

चाचणीच्या दिवशी पहाटे पाचला गाडी सुटली. दर तासाला एक थांबा, दोन मिनिटांचा. मी गाडीच्या नाकासमोर पाटी धरून उभा राहायचो. एका बाजूला ‘थांब’, दुसऱ्या बाजूला ‘जा’. चार वेळा ‘योशी’ ऐकायचं आणि पाटी फिरवायची.

तिसऱ्या थांब्याला मी पाच ऐकले.

मागे काँक्रीटची भिंत होती. प्रतिध्वनी असेल म्हणून मी सोडून दिलं. चौथ्या थांब्याला मी भिंतीपासून लांब उभा राहिलो. चार आवाज आले. मग किंचित थांबून, गाडीच्या नाकाखालून, अगदी जमिनीलगत, पाचवा. घोगरा, आणि मागोमाग नाकातून सोडलेला बारीक खोकला.

तो खोकला मी वीस वर्षं ऐकला होता.

पाचव्या थांब्यानंतर मुख्य कारागीर कुरिबारा-सान सातूचा चहा ओतत होते. त्यांचा रंग लाल. मी विचारलं, “तुम्ही आत्ता दोनदा ओरडलात का हो?”

“एकदाच. का हो मास्तर, मोजायला विसरलात?”

“मला पाच ऐकू आले.”

त्यांनी किटली खाली ठेवली. ट्रॅकपलीकडच्या देवदारांकडे पाहिलं. तिकडून धुकं उतरत होतं.

“पाच आले ना?” ते म्हणाले. “मग गाडी सोडायची. त्यात काय एवढं!”

सहावा, सातवा, आठवा थांबा. दर वेळी पाच. खरं सांगतो, भीती गेली होती. उलट पाचवा आवाज आला की मला बरं वाटायचं. धुकं पार डांबरापर्यंत आलं होतं आणि गाडीचे दिवे दुपारीच लावावे लागले.

नवव्या थांब्याला तात्सुओ चालवत होता. आतापर्यंतचे थांबे वेळेत झाले होते आणि पुढे तीन मिनिटांची सवड उरत होती.

लाल. निळा. पांढरा. हिरवा.

मी वाट पाहिली.

“दादा, पाटी फिरव ना! झोपलास का?” तात्सुओ आतून ओरडला.

“थांब.”

“झाले की चार! तुझ्याच यादीत चार आहेत ना?”

“पाचवा आला नाही.”

हेल्मेटच्या फटीतून तो माझ्याकडे बघत राहिला. “डोकं फिरलंय का तुझं?”

मी कुरिबारा-सानांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. “पुन्हा बघा रे,” ते हळूच म्हणाले.

यादीतला बोल्टन् बोल्ट पुन्हा पाहिला. सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. पुन्हा चार ‘योशी’ झाले. नाकाखाली शांतता.

अकरा मिनिटांनी अध्यक्षांनी घड्याळ बंद केलं. पंचवीस मिनिटं उलटून गेली होती.

तात्सुओ उतरला आणि हेल्मेट काखेत धरून माझ्यापुढे उभा राहिला. “जन्मभर यादीबाहेर पाऊल टाकलं नाहीस,” तो म्हणाला, “आणि नेमका आजच मुहूर्त सापडला तुला?” त्याचे डोळे भरले होते. मी पाटी खाली ठेवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गाडी खोलली. तात्सुओ आला होता, पण माझ्याशी बोलत नव्हता. नाकाखालचा मोठा पत्रा काढला. तो थांब्यावर निघत नाही, त्याला तासभर लागतो. आत स्टिअरिंगची पेटी होती. ती धरून ठेवणाऱ्या बोल्टवर एक पिवळी रेघ होती.

तुटलेली. बोल्टवरचा अर्धा भाग आणि पत्र्यावरचा अर्धा भाग यांत बोटभर अंतर पडलं होतं. कुरिबारा-सानांनी चिमटीत धरताच बोल्ट हातात आला.

मी इनुई-सानांची जुनी यादी काढली आणि माझी नवी. त्यांचे बोल्ट सतरा होते. मी वाटून दिले होते सोळा. तीन वर्षं तो कुणाचाच नव्हता, आणि ही गाडी तर गेल्या हिवाळ्यात बांधलेली.

तात्सुओनं रेघेवर बोट ठेवलं. बोट पिवळं झालं.

“दादा,” तो म्हणाला. 

कुरिबारा-सान भिंतीपाशी गेले. इनुई-सानांच्या खणाची किल्ली तीन वर्षं त्यांच्याच कमरेला होती. त्यांनी खण उघडला, पिवळ्या रंगाची डबी काढली आणि पेचकसानं झाकण उचकटलं. आत रंग नव्हता. तळाशी नुसता भेगाळलेला पापुद्रा होता.

डबीशेजारी ब्रश होता. त्याचं टोक त्यांनी चिमटीत धरून पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता पिवळी बोटं पुसायला फडकं मागितलं.